फ्री डिश की पैसे भरून डीटीएच: कोल्हापुरातल्या घरासाठी

डीडी फ्री डिशला मासिक भाडं नाही. पण तिथे आज दिसणारं खासगी चॅनल उद्याही असेल, याची खात्री धरू नका. जागा लिलावाने मिळते आणि ती घ्यायची की नाही, हे प्रसारक ठरवतो. स्टार, झी, सोनी आणि वायाकॉम१८ यांनी मार्च २०१९ मध्ये आपली हिंदी मनोरंजन चॅनल काढली, जून २०२० मध्ये काही परत आणली आणि एप्रिल २०२२ पासून पुन्हा काढली. कारण साधं आहे: फुकट दाखवलं तर जाहिरातींना प्रेक्षक मिळतात, पण तेच चॅनल पैसे देऊन घ्यायला ग्राहक नाखूष होतो.

म्हणून मराठी मालिका रोज हव्यात तर पैसे भरा. झी मराठी, स्टार प्रवाह ही सशुल्क चॅनल आहेत. सह्याद्री आणि बातम्यांवर भागत असेल तर फ्री डिश उत्तम.

फ्री डिशसाठी एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) बॉक्सच घ्या. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर सगळी चॅनल उघडत नाहीत. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. कोल्हापुरातून डिशचं तोंड आग्नेयेला, उत्तरेपासून पूर्वेकडे साधारण १२९ अंश, क्षितिजापासून वर सुमारे ६० अंश. त्या बाजूला नारळ किंवा शेजारची इमारत नको. आपल्याकडच्या मुसळधार पावसात सिग्नल दोन्हींचा जातो. पाऊस थांबल्यावरही आला नाही, तर आधी एलएनबीजवळच्या (डिशसमोर दांड्यावर बसवलेला सिग्नल पकडणारा भाग) कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का ते बघा.