उपचारातील निष्काळजीपणा: ग्राहक आयोग, वैद्यक परिषद की पोलीस ठाणे?

रुग्ण दगावला आणि उपचारात कसूर झाली अशी नातेवाइकांची खात्री झाली, की पहिली धाव बहुधा पोलीस ठाण्याकडे असते. तो मार्ग सर्वांत शेवटी विचारात घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण अनुराधा साहा यांच्या प्रकरणात दिसते. १९९८ साली कोलकात्यात त्यांच्यावर त्वचेच्या गंभीर विकारासाठी उपचार झाले आणि पुढे मुंबईच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. अंगात दीर्घकाळ परिणाम टिकवून धरणारे डेपो-मेड्रॉल हे स्टेरॉइड ८० मिलिग्रॅमच्या मात्रेत दिवसातून दोनदा देण्यात आले, हा वादाचा गाभा होता. कुटुंबाच्या बाजूने फौजदारी खटलाही लढवला गेला आणि पतीने राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडेही दाद मागितली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने एकाच निकालपत्रात डॉक्टरांची फौजदारी आरोपांतून झालेली सुटका कायम ठेवली, मात्र भरपाईपुरता निष्काळजीपणा मान्य केला. आणि २०१३ मध्ये ती भरपाई सुमारे सहा कोटी रुपयांवर गेली. घटना तीच, कागद तेच, पण पुराव्याची कसोटी वेगळी.

फौजदारी कसोटी इतकी कठोर का, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सांगितलेले आहे. निदान चुकले किंवा अधिक चांगला उपचार करता आला असता, एवढ्यावर डॉक्टर गुन्हेगार ठरत नाही. निष्काळजीपणा ढोबळ, अक्षम्य असावा लागतो. कारवाईपूर्वी तपास अधिकाऱ्याने त्याच शाखेतील निष्पक्ष, शक्यतो सरकारी सेवेतील डॉक्टरचे मत घ्यावे, असेही न्यायालयाने बजावले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार अशा मृत्यूसाठी नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. डॉक्टर नशेत होता किंवा रुग्णाला सोडून निघून गेला, अशा प्रसंगी हा मार्ग धरण्यात अर्थ आहे.

ग्राहक आयोगापुढे मात्र प्रश्न सेवेतील त्रुटीचा असतो. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. उपचारापोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोगाकडेच जाता येते. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष सक्तीची नाही, हे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे; तरीही गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेबाबत तज्ज्ञाच्या मतावाचून तक्रार लंगडी पडते. तक्रार दाखल करण्याची दोन वर्षांची मुदत काटेकोरपणे पाळावी. दुसरीकडे चौकशी सुरू आहे म्हणून ती थांबत नाही. वेळेची हमी मात्र कोणी देऊ नये. साहा प्रकरणाला शेवटास जायला दीड दशक लागले.

महाराष्ट्र वैद्यक परिषद एक रुपयाही मिळवून देत नाही. ती डॉक्टरची नोंदणी काही काळ निलंबित करू शकते किंवा रद्द करू शकते. हाच डॉक्टर उद्या दुसऱ्या रुग्णाला इजा करील अशी रास्त भीती असेल, तर ग्राहक तक्रारीच्या जोडीने इथेही अर्ज करावा, पैशाची अपेक्षा न ठेवता. ही परिषद ॲलोपॅथीच्या डॉक्टरांपुरतीच आहे; आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या परिषदा वेगळ्या आहेत, म्हणून फलकावरची पदवी आधी नीट वाचावी.

कोणताही मार्ग निवडला तरी केसपेपर हाती हवेत. रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत अभिलेख देणे डॉक्टरवर आचारसंहितेने बंधनकारक आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि नर्सिंग नोंदी, भूलतज्ज्ञाची टिपणे व संमतिपत्रे स्वतंत्रपणे नाव घेऊन मागावीत, कारण डिस्चार्ज कार्डात कसूर सहसा उमटत नाही.

सर्वांनाच मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगाचे दार बंद आहे. तिथे भरपाईसाठी दिवाणी न्यायालय किंवा उच्च न्यायालयात रिट याचिका हेच पर्याय उरतात, आणि त्यासाठी वकिलाचा सल्ला पहिल्याच आठवड्यात घ्यावा.