९ एमएम आणि .४५साठी शिशाची गोळी: साधी, कोटिंगची की तांब्याच्या मुलाम्याची?

अमेरिकेत राहून घरी काडतुसं भरायला नुकतीच सुरुवात करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तिथे हा विषयच नको.

गोळी निवडण्याआधी पिस्तूल बघा. .४५ एसीपी (.४५चं नेहमीचं पिस्तुलाचं काडतूस) याचा कमाल दाब २१,००० पीएसआय (दाबाचं एकक), ९ एमएमचा ३५,०००. .४५ची जड गोळी संथ जाते, त्यामुळे मेणाचं वंगण लावलेली साधी ओतीव गोळी तिथे बिनतक्रार चालते. ९ एमएममध्ये मात्र तीच बॅरलला शिसं फासते. मग लोक शिशाच्या आणखी कडक मिश्रणाच्या मागे लागतात. माझ्या मते दोष बहुतेक वेळा मापाचा असतो. गोळी बॅरलला सैल असली की गरम वायू तिच्या कडेने निसटतो आणि शिसं खरवडत नेतो. म्हणूनच ९ एमएमसाठी जॅकेटची (तांब्याच्या जाड कवचाची) गोळी .३५५ इंचाची, तर शिशाची निदान .३५६ची घेतात. ग्लॉक कंपनीचं पिस्तूल असेल तर साध्या शिशाच्या वाटेला जाऊच नका, कंपनी स्वतःच नको म्हणते.

नवख्याने ९ एमएमसाठी पॉलिमर कोटिंगचीच गोळी घ्यावी, असं मी ठामपणे सांगेन. धूर कमी, हाताला शिसं कमी, आणि मुलाम्याच्या गोळीपेक्षा सहसा स्वस्त. फक्त पुंगळीचं (काडतुसाच्या धातूच्या नळीचं) तोंड नीट फाकवून घ्या. ते अरुंद राहिलं तर गोळी बसवताना कोटिंग खरवडतं, शिशाची बारीक कडी सुटून चेंबरच्या (बॅरलमधल्या काडतूस बसण्याच्या जागेच्या) तोंडाशी साचते आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) केसभर उघडी राहते. बॅरल पिस्तुलातून काढून हातात धरा आणि भरलेलं काडतूस त्यात नुसतं सोडा. टक्कन बसलं, बोटाने गरकन फिरलं आणि बॅरल उलटी केल्यावर आपसूक बाहेर पडलं, तरच पुढची भरा. दारूचं प्रमाण छापील रीलोडिंग मॅन्युअलमधूनच घ्यायचं, तेही त्याच वजनाच्या आणि त्याच प्रकारच्या गोळीचं.

मुलाम्याची गोळी कुठे घ्यावी? उघडं शिसं चालत नाही अशा बंदिस्त रेंजवर. तिचा तांब्याचा थर पातळ असतो, क्रिंप (पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळणं) जोरात केला तर चिरतो. वेगाची मर्यादाही उत्पादक सांगतो, ती पाळा.

राहिलं स्वतः गोळ्या ओतणं. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यात अँटिमनी आणि कथील मिसळलं की कडकपणा येतो. जुनं शिसं फुकटात मिळत असेल तरच हिशोब जुळतो. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब गेला तर वाफेचा स्फोट होऊन भांड्यातलं शिसं अंगावर उडतं. घरात लहान मूल असेल तर मी स्पष्ट नको म्हणेन. भांड्यावरची मळी काढताना उडणारी धूळ कपड्यांवरून घरभर जाते, आणि मुलांच्या मेंदूला शिशाचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. मूल नसेल तरी ओतकाम घराबाहेर मोकळ्या हवेत करा, त्याचे कपडे वेगळे धुवा आणि डॉक्टरांकडून रक्तातलं शिसं अधूनमधून तपासून घ्या.