नेल आर्टसाठी पॉलिमर क्लेच्या कांड्या: अख्खी कांडी घ्या, चकत्या स्वतः कापा

पॉलिमर क्ले म्हणजे भाजल्यावर घट्ट होणारा प्लास्टिकचा रंगीत क्ले. त्याच्या कांडीच्या पातळ चकत्या कापून नखांवर चिकटवतात. दुकानात या कांडीला कुणी ‘फिमो स्टिक’ म्हणतं, कुणी ‘नेल केन’. फिमो हे जर्मनीच्या स्टेडलर कंपनीच्या क्लेचं नाव. बाजारातल्या बहुतेक कांड्या त्या कंपनीच्या नसतात, पण नाव तेच रुळलं आहे. कांडी साधारण ५ सेंमी लांब आणि ५ मिमी जाड असते, आणि संत्रं, किवी, फूल असं जे काही चित्र असेल ते या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार गेलेलं असतं. रंगीत क्लेच्या पट्ट्या जुळवून आधी जाड लोड बनवतात, मग तो ओढून बारीक करतात आणि भाजतात. इटलीतल्या मुरानोच्या काचकामातली मिलेफिओरीची (रंगीत काचेच्या कांडीच्या चकत्यांत फुलं उमटवण्याची) कल्पनाच इथे क्लेमध्ये उतरली आहे.

कापून ठेवलेल्या चकत्यांची डबी स्वस्त असते आणि तयार दिसते, तरी नखांसाठी ती घेऊ नका. त्या चकत्या बहुधा स्लाइममध्ये (मुलांच्या खेळायच्या लिबलिबीत लगद्यात) घालायला कापलेल्या असतात, बऱ्याचदा १ मिमीच्या आसपास. नखाला लागते ०.३ ते ०.५ मिमी. जाड चकती झाकायला टॉप कोटचे (सगळ्यात वरच्या पारदर्शक लेपाचे) थरावर थर द्यावे लागतात, नख फुगीर दिसतं, कड केसांत अडकते आणि कणीक मळताना पीठ तिथेच जाऊन बसतं. अख्खी कांडी घेतली की जाडी आपल्या हातात राहते.

घेताना कांडीची दोन्ही टोकं पाहा. ओढताना टोकाजवळचं चित्र वाकडं होतं, त्यामुळे पहिले २-३ मिमी वाया जाणारच. त्याच्या आतही रेषा फिसकटलेल्या असतील तर कांडी ठेवून द्या. फळांच्या कांड्या सर्वांत भरवशाच्या; संत्र्याची एखादी फाक लहानमोठी झाली तरी ते संत्रंच दिसतं. मांजर, अस्वल, कार्टूनचे चेहरे ५ मिमीत क्वचितच नीट उतरतात. एक डोळा जरा सरकला की चेहरा बिघडतो. शंभर कांड्यांच्या संचात असे चेहरे बरेच येतात, म्हणून फळं आणि पानाफुलांचा छोटा संच जास्त कामाचा.

कापण्याआधी कांडी गरम पाण्यात २-३ मिनिटं ठेवून पुसून घ्या. थंड कांडी ठिसूळ असते, चकतीचे तुकडे पडतात. सुरी नको. क्ले कापायचं लांब पातळ ब्लेड उत्तम, नाहीतर दाढीचं नवं ब्लेड, एका धारेला जाड टेप लावून. करवतीसारखं मागेपुढे न करता सरळ खाली दाबा आणि दर कापानंतर कांडी पाव वळसा फिरवा, म्हणजे ती एकाच बाजूने चपटी होत नाही. पातळ चकती वाकवली की वाकली पाहिजे. भुगा होत असेल तर कांडी कच्ची भाजलेली आहे. फॉइलमध्ये गुंडाळून ओटीजीमध्ये ११० अंशांवर अर्धा तास पुन्हा भाजली तर बहुधा सुधारते. मायक्रोवेव्ह वापरू नका, आणि तापमान वाढवू नका: हा क्ले पीव्हीसीचा असतो, करपला तर घातक धूर निघतो.

आता चिकटवणं. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. चकती जेलने बसवतात, म्हणजे यूव्ही किंवा एलईडी दिव्याखाली घट्ट होणाऱ्या नेलपॉलिशने. चकती अपारदर्शक असते, दिव्याचा प्रकाश तिच्याखाली पोचत नाही. ओल्या जेलच्या जाड थरावर चकती ठेवून दिवा लावला, तर वरचं जेल सुकतं आणि खालचं ओलंच राहतं. दोन दिवसांत चकती सुटते ती यामुळेच. शिवाय ओलं राहिलेलं जेल त्वचेला लागत राहिलं तर अॅलर्जी होऊ शकते, म्हणून हे फक्त टिकण्यापुरतं नाही. बेस (सगळ्यात खालचा लेप) आणि रंगाचे थर पूर्ण क्यूअर करा, म्हणजे दिव्याखाली घट्ट होऊ द्या. क्यूअर झालेल्या रंगावर जो चिकटपणा उरतो, तो पुसू नका. त्यावरच चकती चिमट्याने ठेवून दाबा. मग वरून बिल्डर जेलचा (जाडसर पारदर्शक जेलचा) थर, चकतीच्या कडेभोवती थोडा जास्त, क्यूअर, आणि शेवटी टॉप कोट. दिव्याखालचा वेळ जेलच्या बाटलीवर दिलेला असेल तोच धरा. क्यूटिकलपासून (नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीपासून) केसभर अंतर सोडा आणि नखाचं टोकही टॉप कोटने झाका.

नख आडवं वळलेलं असतं, चकती सपाट. करंगळीच्या नखावर ५ मिमीची अख्खी चकती बसवली की दोन्ही कडा उचलतात. अर्धी कापा, क्यूटिकलच्या बाजूला अर्धं संत्रं अख्ख्यापेक्षा देखणंही दिसतं. अंगठ्याला अख्खी चालते, पण कोमट असतानाच दाबायची, म्हणजे ती नखाचा बाक घेते.

साध्या नेलपॉलिशवर या चकत्या चार-पाच दिवसांच्या कामाच्या. पॉलिशमधलं सॉल्व्हंट क्लेला हळूहळू मऊ करतं, त्यामुळे पृष्ठभाग चिकट होऊ लागतो. एका लग्नापुरतं ठीक, महिनाभर टिकवायचं तर जेलच.

काढताना थेट अॅसिटोनमध्ये बोटं बुडवू नका. क्ले विरघळून रबरासारखा लगदा होतो आणि नखाभर पसरतो. आधी १८० ग्रिटच्या (मध्यम खरखरीत) नेल फाइलने टॉप कोट आणि चकती घासून काढा, उरलेल्या जेलसाठी मग अॅसिटोनचा कापूस आणि फॉइल, १० ते १५ मिनिटं. नखाने उपटली तर नखाचा वरचा पापुद्राही सोबत निघतो.

हळदीचा डाग मात्र टॉप कोटवर बसतोच, पांढऱ्या पाकळ्यांच्या फुलांवर तर लगेच उठून दिसतो. रोज स्वयंपाक असेल तर पांढरी फुलं टाळून किवी, कलिंगड, स्ट्रॉबेरी निवडा. हिशोबाने ५ सेंमीच्या कांडीतून अर्ध्या मिमीच्या १०० चकत्या निघतात. टोकं आणि फसलेले काप सोडले तरी दोन्ही हातांच्या कितीतरी फेऱ्या एका कांडीत होतात. त्यामुळे चांगल्या ५-६ कांड्या, नवं ब्लेड आणि बिल्डर जेल यावर पैसे घाला; शंभरांचा संच लागत नाही.