ओढतो सगळंच, थांबवणार कोण? ब्रेकवाली ट्रॉली दोन वर्षं वापरून

माझा ट्रॅक्टर छोटा आहे, २४ एचपी, फोर व्हील ड्राइव्ह, वजन साधारण ९०० किलो. त्याला दोन वर्षांपूर्वी दोन चाकांची टिपिंग ट्रॉली घेतली, स्वतःचे ब्रेक असलेली. बाजूला मोठ्या अक्षरात रंगवलंय "क्षमता ३ टन". आता हा ३ टनाचा आकडा ट्रॉलीच्या धुऱ्याचा, चासीचा आणि टायरचा आहे, पुढे कुठला ट्रॅक्टर जोडलाय ते त्या आकड्याला काय माहीत! पण बघणारा बघतो, ३ टन लिहिलंय, इंजिन पण ओढतंय, मग भरा.

ओढतंय हे खरं आहे. लो गिअर टाकला की छोटा ट्रॅक्टर स्वतःच्या तिप्पट वजन पण सपाटीला आरामात नेतो, तिथेच माणूस फसतो. मी पण फसलोय. आधीची ट्रॉली बिनब्रेकची होती, ओली वाळू भरलेली, उताराला लागलो आणि मध्येच गिअर बदलावा म्हणून क्लच दाबला. झालं. इंजिनची पकड सुटली, मागून धक्का आला, ब्रेक मारला तर मागची चाकं जाम होऊन नुसतीच घासत चालली आणि ट्रॉली बाजूने वळून माझ्या शेजारी यायला लागली. बांधाला टेकून थांबलो म्हणून आज रिव्ह्यू लिहितोय.

नंतर मॅन्युअल नीट वाचलं (आधी वाचायला पाहिजे होतं, बायको अजून ऐकवते). बऱ्याच ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये असं असतं की ब्रेक नसलेली ट्रॉली मालासकट ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपेक्षा जड नको आणि स्पीड ३२ किमीच्या वर नको. म्हणजे माझ्या ९०० किलोला १३५०. रिकामी ट्रॉलीच ७०० किलोची, मग माल उरला ६५० किलो! ओल्या वाळूचा अर्धा घनमीटर पण त्यात बसत नाही. आणि दीडपट ही वरची हद्द झाली, चढउतार असेल तर त्याच्याही खाली राहायचं. साधा हिशोब बघा, दर १० मीटरला १ मीटर उतरणारा रस्ता आणि ट्रॅक्टर ट्रॉली मिळून ३ टन, तर सुमारे ३०० किलोचा जोर सतत पुढे ढकलत असतो. वर स्पीड दुप्पट केला तर थांबायला अंतर चौपट लागतं.

तर ही नवी ट्रॉली. हिच्यात ओव्हररन ब्रेक आहेत, म्हणजे ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली मागून रेटते, त्या रेट्यानेच पुढचा जोड आत सरकतो आणि चाकांचे ड्रम ब्रेक लागतात. ट्रॅक्टरला वेगळी पाइप जोडायला नको, ड्रायव्हरला काही करायला नको. फरक पहिल्याच उताराला कळला, मागून धक्का येतो तो मऊ येतो आणि ट्रॉली सरळ रांगेत राहते. जोडाजवळ एक बारीक वायर पण आहे, ती ट्रॅक्टरला अडकवायची, पिन निसटून ट्रॉली सुटलीच तर वायर ताणून हँडब्रेक ओढला जातो. सेफ्टी चेन मी तरीही लावतोच.

पण म्हणून आता ३ टन भरतो का, तर नाही. दीड टनाच्या वर जात नाही. उतार सुरू व्हायच्या आधीच लो गिअर, फोर व्हील चालू, डाव्या-उजव्या चाकाची दोन वेगळी ब्रेक पेडल एकत्र बांधणारी जोडपट्टी लावलेली, आणि खाली पोचेपर्यंत क्लचला पाय नाही. फोर व्हील यासाठी की माझ्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत, फोर व्हील टाकल्यावर पुढची चाकं पण धरतात. लांब उताराला ओव्हररन ब्रेक सारखे लागून राहतात आणि ड्रम तापतो, जळकट वास आला की सपाटी बघून थांबायचं.

आता जोडणी. ट्रॉली ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढायच्या दांड्यालाच. काही जण थ्री पॉइंटच्या (अवजारं उचलायच्या) हातांना पट्टी लावून तिथून ओढतात आणि वर उचलतात पण, ओढायची जागा ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्याच्या वर गेली की ट्रॅक्टर पुढून उठून ड्रायव्हरच्या अंगावर उलटू शकतो, त्यात सावरायला वेळच मिळत नाही. माल पण ट्रॉलीच्या धुऱ्याच्या थोडा पुढे पाहिजे. मागे जास्त झाला तर ट्रॉलीचं तोंड वर उचलतं आणि ट्रॅक्टरची मागची पकड जाते, फार पुढे घेतला तर स्टेअरिंग हलकं. माझ्याकडे ड्रॉबार ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्याच्या अर्धा मीटर मागे, ट्रॅक्टरच्या दोन धुऱ्यांत अंतर दीड मीटर, म्हणजे ड्रॉबारवर २०० किलो आले की पुढची चाकं ६५-६७ किलोने हलकी. म्हणून पुढे वजनं लावली, नाहीतर वळणावर स्टेअरिंग फिरवा नुसतं, नाक जातं सरळच.

तक्रार आता. रिव्हर्स घेताना, त्यात चढावर, जोड दाबला जातो आणि ब्रेक लागतात, ट्रॉली हलतच नाही. त्यासाठी एक लॉक दिलंय, खाली उतरून हाताने टाकायचं. टाकलेलं लॉक काढायला विसरलात तर पुढे जाताना ब्रेक नाहीतच! ते आपोआप सुटायला पाहिजे होतं, काही ट्रॉलींना तशी सोय असते, हिला नाही. मी लॉकला लाल कापड बांधलंय, टाकलं की कापड आरशात दिसतं. दुसरं, चढावर अडकून मागे घसरलात तर हे ब्रेक अजिबात कामाचे नाहीत कारण तेव्हा जोड ताणलेला असतो, दाबलेला नाही. हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं, मला चढावरच कळलं, नशिबाने ट्रॉलीत गवत होतं.

बाकी टिपिंगचा सिलेंडर ठीक, फाळक्याचे खटके सहा महिन्यांत ढिले, रंग चांगला टिकलाय. ब्रेकचे लायनर एकदा बदलले. ५ पैकी ४ स्टार, एक त्या लॉकचा कापला.