खिशात रोख किती ठेवायची? टॅप कार्ड, यूपीआय आणि रोख, दिवाळीपासूनचा अनुभव

नोकरी जळगावला आणि थोडी शेती यावलकडे, त्यामुळे पाकिटात कायम चार-पाच हजार असायचे. दिवाळीनंतर ठरवलं की कार्ड आणि मोबाईलवर चालवून बघू. आता उन्हाळा लागलाय, तर लिहितो.

रुपेचं टॅपवालं (मशीनला नुसतं टेकवायचं) डेबिट कार्ड पेट्रोल, मेडिकल, कपड्यांसाठी एकदम बेस्ट. 5000 पर्यंत पिन लागत नाही, म्हणून बँकेच्या ॲपमधून टॅपची लिमिट कमी करून ठेवा, कार्ड हरवलं तर निदान नुकसान कमी. भुसावळ रोडला एका पंपावर मशीनवर डिक्लाइन आलं आणि इकडे खात्यातून 1200 कटले, वरून पंपवाला म्हणे परत टॅप करा. अजिबात करू नका भो, आधी बॅलन्स बघा, स्लिप जपून ठेवा. माझे पैसे चार दिवसांनी आपोआप आले. रिझर्व्ह बँकेचा 2019 पासून नियमच आहे, 5 दिवसांत परत नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये बँकेने द्यायचे. पण महिनाअखेरीला 1200 अडकले की जीव वर-खाली होतोच.

चहा-नाश्ता, किराणा सगळं यूपीआय लाइटवर, म्हणजे यूपीआय ॲपमधलंच छोटं पाकीट, त्यात आधी थोडे पैसे भरून ठेवायचे. पिन नाही आणि पासबुकात दहा-वीसच्या नोंदींची गर्दीही नाही.

पण मजुरी मी रोखच देतो आणि देत राहणार. निंदायला येणाऱ्या बऱ्याच बायांकडे स्वतःचा मोबाईल नाही, नंबर असतो नवऱ्याचा नाहीतर पोराचा, त्यावर पैसे टाकले की तिला किती मिळतील काय भरवसा. एका मावशीने सरळ सांगितलं, "मले हातातच दे रे भाऊ." दिवसभर उन्हात वाकून काम तिने केलं, तर पैसे तिच्याच हातात पडायला पाहिजेत, यात मला दुसरं काही पटतच नाही.

खरा त्रास सुट्या पैशांचा. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये बँकांना एटीएममधून 100-200 च्या नोटा द्यायला सांगितलंय, तरी आमच्याकडे बऱ्याचदा 500 च निघतात. 1000 ऐवजी 900 टाकून बघा, मशीनमध्ये असतील तर 400 तरी सुटे येतात.

सध्या पाकिटात सातशे-आठशे असतात, तेही 100, 50, 20 मध्ये, आठवडे बाजाराला तेवढे पुरतात. मजुरीचे वेगळ्या पाकिटात, आदल्या दिवशीच सुटे करून.