जुन्या ऑक्टाव्हिया आरएसला ॲडजस्टेबल कॅम पुली: सोलापूरचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी. कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दांड्याचं) टायमिंग हलवून गाडीची ताकद वाढत नाही, ताकद येण्याची जागा सरकते. खालच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) मिळवलंत तर वरचं थोडं द्यावं लागतं, आणि वर मिळवायला गेलात तर खालचं जातं. माझ्या गाडीत हा सौदा खालच्या बाजूला फायद्याचा ठरला. टायमिंग पट्टा (क्रँकवरून, म्हणजे पिस्टन जोडलेल्या मुख्य दांड्यावरून, कॅम फिरवणारा) बदलायचाच होता म्हणून कॅमचं टायमिंग हलवता येणारी पुली बसवली. नुसत्या पुलीसाठी इंजिनचा माउंट सोडवायची माझी तयारी नव्हती आणि तुम्हालाही तो सल्ला देणार नाही.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, मॅन्युअल. कंपनीचा आकडा १५० पीएस आणि १,७५० आरपीएमपासून २१० एनएम. टर्बो मूळचा, सायलेन्सर मूळचा, ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, मॅपसुद्धा मूळचाच. नवा पट्टा घातल्यावर पुली काही दिवस मुद्दाम शून्यावर (कंपनीच्या टायमिंगवर) ठेवून चालवली. जुना पट्टा आणि ढिला टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) यांच्यामुळे टायमिंग थोडं सरकलेलं असू शकतं. मग नव्या पट्ट्यानं जे परत मिळालं त्याचंही श्रेय आपण पुलीला देऊन बसतो.

या इंजिनाची एक खोड आधी समजून घ्यायला हवी. कॅम दोन आहेत, पण पट्टा फक्त एक्झॉस्टच्या (जळलेला वायू सोडणाऱ्या) कॅमला फिरवतो. तिथून एक छोटी साखळी इनटेकच्या (हवा आत घेणाऱ्या) कॅमला फिरवते. म्हणजे बाहेर पुली एकच, आणि ती हलवली की दोन्ही कॅम एकदम पुढे किंवा एकदम मागे जातात. परदेशी व्हिडिओंमध्ये टोयोटाच्या २जेझेड किंवा मित्सुबिशीच्या ४जी६३ इंजिनावर जे प्रयोग दिसतात, तिथे पट्ट्यावर दोन पुली असतात. एक्झॉस्टचा कॅम ॲडव्हान्स (लवकर), इनटेकचा रिटार्ड (उशिरा) असं वेगवेगळं करून दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, कमी करता येतो. छोट्या टर्बोच्या गाडीत त्याला मोठा अर्थ असतो. वरच्या आरपीएमला टर्बाइनच्या (एक्झॉस्टनं फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाच्या) आधी एक्झॉस्टचा दाब इनटेकच्या बूस्टपेक्षा (टर्बोनं चढवलेल्या दाबापेक्षा) जास्त चढतो, आणि तेव्हा ओव्हरलॅप मोठा असेल तर जळलेला वायू उलटा सिलिंडरमध्ये आणि इनटेकमध्ये घुसतो. बिनटर्बोच्या इंजिनात मोठा ओव्हरलॅप चांगला म्हणून तोच हिशेब इथे लावायचा नाही तो यामुळे. आपल्या एका पुलीनं ओव्हरलॅपला हातच लागत नाही. ‘ओव्हरलॅप सेट करून देतो’ असं या गाडीबद्दल कुणी म्हणालं, तर त्याला साखळी कुठे आहे ते विचारा.

मग एका पुलीनं होतं काय? दोन्ही कॅम ॲडव्हान्स केले की इनटेकचे व्हॉल्व्ह लवकर बंद होतात. खालच्या आरपीएमला आत आलेली हवा पिस्टन वर चढताना परत बाहेर ढकलली जाते, ते कमी होतं. दुसरीकडे एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह लवकर उघडतात, वायू अजून गरम आणि दाबात असतानाच टर्बाइनवर आदळतो, आणि टर्बो थोडा लवकर उठतो. किंमत अशी की पिस्टनला खाली ढकलण्याचं थोडं काम त्या वायूकडून करून घ्यायचं राहून जातं आणि एक्झॉस्ट जास्त तापतो. रिटार्ड केलं की सगळं याच्या उलट.

काम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळच्या एका गॅरेजमध्ये करून घेतलं. मिस्त्रींचा सुरुवातीला साफ नकार. “मालक, कंपनीनं दिलेलं टायमिंग हलवायचं कशाला? व्हॉल्व्ह पिस्टनला लागला की हेड बाहेर येतंय बघा.” त्यांचं म्हणणं खरंच आहे. हे इंजिन त्या जातीचंच आहे, पट्टा तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. त्यात सिलिंडरमागे पाच व्हॉल्व्ह, तीन इनटेकचे आणि दोन एक्झॉस्टचे, त्यामुळे बिलही त्याच हिशेबानं. ॲडव्हान्स करताना धोका इनटेकच्या बाजूला असतो, कारण पिस्टन अजून वर येत असतानाच ते व्हॉल्व्ह उघडायला लागतात. शेवटी मिस्त्री तयार झाले ते दोन अटींवर: बदल अगदी थोडा करायचा, आणि प्रत्येक वेळी क्रँकच्या बोल्टला पाना लावून हातानं दोन पूर्ण फेरे मारल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नाही. या अटी मला तर लेखी द्याव्यात इतक्या पटल्या.

पट्ट्याबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलला. या गाडीत पंप टायमिंग पट्ट्यावरच फिरतो, त्यामुळे तो जुना ठेवणं म्हणजे भलतीच काटकसर. व्हॉल्व्ह कव्हर काढून कॅमच्या साखळीकडेही बघायला लावलं. दोन्ही कॅमवरच्या खुणांमध्ये साखळीचे १६ रोलर यायला हवेत. तिच्या टेन्शनरच्या प्लॅस्टिक पट्ट्या झिजल्या असतील तर इनटेकचा कॅम आपसूकच मागे पडलेला असतो, आणि मग बाहेर पुलीवर केलेल्या डिग्रीच्या हिशेबाला काही अर्थ उरत नाही. माझ्या गाडीत बरी निघाली.

पुली कुठल्या ब्रँडची ते लिहीत नाही, कारण सगळ्यांची रचना एकच: आतला हब, बाहेरची दातांची रिंग, मध्ये लांबट खाचा आणि घट्ट करायचे बोल्ट. बघायच्या गोष्टी दोनच. रिंगवरच्या डिग्री कॅमच्या आहेत की क्रँकच्या? क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, त्यामुळे कॅमच्या २ डिग्री म्हणजे क्रँकच्या ४. इथे गफलत झाली की तुम्ही ठरवल्याच्या दुप्पट सरकवून बसता. आणि बोल्टांना थ्रेडलॉक (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावून, वरून पेंटची एक रेघ मारून ठेवायची. काही दिवसांनी वरचं कव्हर उघडून रेघ जुळते का बघायचं. माझी आजवर जुळतेय.

चांगली बाब ही की एकदा बसवल्यावर पुन्हा सेटिंग बदलायला पट्टा काढावा लागत नाही. वरचं कव्हर निघालं की पुली समोर असते. कॅम मात्र धरून ठेवायला हवा, नाहीतर बोल्ट ढिले होताच व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला झटका देऊन फिरवतात.

पहिल्यांदा उत्सुकतेपोटी रिटार्ड करून पाहिलं, क्रँकच्या ४ डिग्री. पुणे हायवेवर मोहोळच्या पुढे रस्ता मोकळा मिळतो, तिथे वरच्या आरपीएमला काही जास्त मिळतं का ते बघायचं होतं. मिळालं नाही. या गाडीचा टर्बो छोटा आहे, वर त्याचाच गळा आवळलेला असतो. व्हॉल्व्ह उशिरा बंद करून तिथे जास्त हवा येणार कुठून? आणि शहरात गाडी अगदी मठ्ठ झाली. सात रस्त्याला सिग्नल सुटल्यावर मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायचा. मोठा टर्बो बसवलेल्यांसाठी कदाचित हाच मार्ग बरोबर असेल, मूळ टर्बोवर नाही.

मग ॲडव्हान्स, तेही क्रँकच्या ४ डिग्री, आणि इथे फरक जाणवला. तिसऱ्या गिअरमध्ये, चार माणसं, एसी चालू, दीड हजार आरपीएमवरून दाबलं की आधी जो क्षणभर विचार करायची तो कमी झाला. माझ्या अंदाजानं गाडी दीडशे-दोनशे आरपीएम आधी ओढायला लागते. ऐकायला काहीच नाही, पण गळीत हंगामात बार्शी रोडला किंवा मंगळवेढ्याच्या बाजूला दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर ओलांडणाऱ्यांना ते दोनशे आरपीएम काय आहेत ते कळेल. तुळजापूरच्या घाटातही गिअर कमी वेळा पाडावा लागतो. पाच हजारांच्या वर गाडी किंचित लवकर दमते, हेही खरं. मी तिथे फारसा जात नाही.

खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यात झाली. पारा बेचाळीसच्या पुढे, गाडी उन्हात उभी, आणि भर दुपारी जुळे सोलापुरातून निघून गर्दीत हळूहळू चालवायची. इनटेक लवकर बंद म्हणजे खालच्या आरपीएमला सिलिंडरमधलं दाबणं वाढतं, त्यात गरम हवा, म्हणजे नॉकिंगला (इंधन अवेळी पेटण्याला) आमंत्रणच. खडखड कानाला ऐकू आली नाही, पण स्कॅनरवर ईसीयू इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे घेताना स्पष्ट दिसलं. म्हणजे एका हातानं दिलेलं गाडीच दुसऱ्या हातानं काढून घेत होती. म्हणून उन्हाळ्यात ४ वरून २ वर आलो. पिकअपचा निम्म्याहून जास्त फायदा तसाच राहिला आणि इग्निशनची ओढाताण थांबली. पावसाळ्यातही २ वरच ठेवलंय. बहुतेक तिथेच राहील. सोलापूरसारख्या हवेत ४ डिग्री हे फक्त डिसेंबर-जानेवारीचं सेटिंग आहे, आणि दर मोसमाला कव्हर उघडण्याची मला हौस नाही.

आयडलिंग स्थिर आहे, चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. क्रँक आणि कॅमच्या सेन्सरचं नातं थोडं सरकलेलं ईसीयू चालवून घेतो, जास्त सरकवलंत तर कोड टाकतो. पीयूसीला अडचण आली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मर्यादा आहेत आणि विमा कंपनीही प्रश्न विचारू शकते, तेवढं ध्यानात ठेवूनच हात घाला.

खर्चात पुली हा छोटा भाग. पट्टा, टेन्शनर, पंप आणि मजुरी यांचं बिल तिच्यापेक्षा मोठं झालं, पण ते तसंही होणारच होतं.

ॲव्हरेजबद्दल हमखास विचारलं जातं. शहरात फरक शून्य. हायवेचा आकडा मी देत नाही, कारण पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, त्यामुळे जुन्या वहीतल्या नोंदींशी तुलना करण्यात अर्थ नाही. ते इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल म्हणून आनंद मानायचा, आणि या वयाच्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप कडक झालेत का ते कव्हर उघडलंच आहे तर बघून घ्यायचं. माझे दोन बदलावे लागले.