मोटरहोमच्या ऑनिंगखालची एलईडी स्ट्रिप, पाच महिने वापरून झाल्यावर

पाच महिने मुद्दाम थांबले आणि आता लिहितेय, कारण पहिल्या रात्री कुठलीही एलईडी स्ट्रिप छानच दिसते. ऑनिंग (राहायची सोय असलेल्या या गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर) उघडलं, खाली खुर्च्या टाकल्या, बटण दाबलं, की सगळे खूश आणि लगेच पाच स्टार. पण गाडीवरच्या दिव्याचं खरं काय ते नंतर कळतं, खड्ड्यांतून गाडी दणादण जाते, बॉडी दिवसभर उन्हात भाजते आणि रात्री गार पडते, पाऊस आडवा येतो, बॅटरी चार्ज होताना व्होल्टेज वर चढतं, त्या सगळ्यातून पट्टी टिकली तर ती चांगली. माझी पहिली पट्टी तीन आठवड्यांत गेली. दुसरी अजून पहिल्या दिवसासारखी आहे. रिव्ह्यू दुसरीचाच आहे, पण पहिलीचं काय झालं ते आधी सांगते, नाहीतर दुसरीत काय बघून घ्यायचं ते कळणार नाही.

पहिली म्हणजे घरातल्या फॉल्स सीलिंगसाठी मिळते ती साधी पट्टी, ५ मीटरचं रीळ, ५०५० चिप (५ बाय ५ मिमीचा एलईडी), मीटरला ६० एलईडी, पांढराशुभ्र उजेड. बॉक्सवर १२ व्होल्ट लिहिलेलं, आपली बॅटरी पण १२ व्होल्ट, म्हटलं झालं की काम. इथेच चुकलं. घरात तिला जो अ‍ॅडॉप्टर लागतो तो बरोबर १२ देतो. गाडीतली '१२ व्होल्ट'ची बॅटरी फक्त नावाला १२ ची असते, लेड अ‍ॅसिड पूर्ण भरून शांत बसलेली असेल तर १२.७ दाखवते, आणि चार्जर किंवा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) चालू झाला की १४.४ पर्यंत जाते. आता म्हणाल दोन-अडीच व्होल्टनी काय होतंय? खूप होतं! या पट्टीत तीन-तीन एलईडी एका ओळीत आणि त्यांच्याबरोबर करंटला आवर घालणारा एक रेझिस्टर असा एकेक गट असतो. तीन एलईडी मिळून साधारण ९.५ व्होल्ट खातात, ते फारसं बदलत नाही, उरलेले अडीच रेझिस्टरवर पडतात आणि करंट किती जाणार ते त्या अडीचवरच ठरतं. बॅटरी १४.४ ला गेली की रेझिस्टरवरचे अडीच जवळजवळ पाच होतात. मी मल्टिमीटर लावून बघितलं तेव्हा करंट दीडपटीहून जास्त वाढलेला होता, आणि पट्टीला बोट लावून ठेवता येत नव्हतं. वर ती फायबरच्या बॉडीवर थेट चिकटवलेली, फायबर काही उष्णता ओढून घेत नाही, त्यामुळे सगळी गरमी तिथल्या तिथे. आधी उजेड पिवळट पडला, मग तीन-तीनचे गट मरायला लागले (एक एलईडी गेला की ओळीतले बाकीचे दोघंही बंद), आणि त्याच गरमीने मागचा डिंक सुटला. एका सकाळी दार उघडलं तर निम्मी पट्टी तोरणासारखी लोंबत होती.

मला खरं वाईट वाटलं ते आईमुळे. आई आमच्याबरोबर असते बरेचदा, तिला रात्री गाडीची पायरी नीट दिसत नाही, आणि हा सगळा खटाटोप मुळात त्या पायरीसाठी सुरू केला होता. पट्टी गेली त्या रात्री ती परत माझा हात धरून, पायाने चाचपत चढली.

तर आता दुसरी. हे किट खास गाडीसाठी म्हणून मिळालं. ५ मीटरची सीओबी पट्टी, ३००० केल्विन (म्हणजे पिवळसर उजेड), मीटरला ८ वॅट, अख्खी सिलिकॉनच्या नळीत घातलेली, आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो ते सांगणारा आकडा). बरोबर एकेक मीटरचे पाच अ‍ॅल्युमिनियम चॅनेल, त्यांची दुधी रंगाची झाकणं, टोकाच्या टोप्या, क्लिपा, स्क्रू, एक डिमर आणि छोटा रिमोट. सीओबी म्हणजे चिपा इतक्या जवळ बसवून वरून एकसलग पिवळा थर दिलेला असतो की वेगळे ठिपके दिसतच नाहीत, उजेडाची एक अखंड रेघ दिसते. गाडीच्या चकचकीत बॉडीवर जुन्या पट्टीचे साठ-साठ ठिपके प्रतिबिंबात दिसायचे आणि डोळ्याला टोचायचे, ते पूर्ण बंद झालं. झाकण लावल्यावर तर उजेड अगदी मऊ पडतो.

आयपीच्या आकड्याबद्दल थोडं, कारण दुकानात यावरूनच फसायला होतं. आयपी २० म्हणजे उघडी पट्टी, फक्त आत लावायची. आयपी ६५ ला वरून एक थर असतो, पाण्याचे फवारे सोसते. ६७ पाण्यात थोडा वेळ बुडली तरी चालते. पण हा आकडा फॅक्टरीतून आलेल्या अख्ख्या पट्टीचा असतो, तुम्ही ती कापलीत की कापलेल्या तोंडाला काही अर्थ राहत नाही. मला ऑनिंगखाली ४ मीटरच हवी होती म्हणून खुणेवरच कापली (खूण सोडून कापाल तर तो तुकडा पेटणार नाही) आणि दोन्ही तोंडांना न्यूट्रल सिलिकॉन भरून टोप्या बसवल्या, एक रात्र सुकू दिलं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे वापरू नका, ते सुकताना जे अ‍ॅसिड सोडतं त्याने तांबं खराब होतं.

आणि या किटमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पट्टीला मागे डिंक नाहीच. सिलिकॉनला नेहमीचा डिंक धरत नाही, तरी काही जण सिलिकॉनच्या नळीमागे टेप लावून विकतात आणि ती महिनाभरात सुटते. इथे पट्टी चॅनेलमध्ये सरकवायची, आणि चिकटवायचं काय तर चॅनेल. अ‍ॅल्युमिनियम उष्णता पसरवतं ते वेगळंच. पाच महिन्यांत एकही चॅनेल हललेला नाही.

अर्थात क्लिपा आणि स्क्रू मी वापरले नाहीत. मोटरहोमच्या भिंतीत पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दिलेली वाट, आत लाकडी फ्रेम किंवा प्लाय असेल तर ते हळूहळू कुजतं आणि बाहेरून वर्षभर काही कळत नाही. चार मीटरला आठ-दहा क्लिपा म्हणजे तितकी भोकं, नको. त्याऐवजी थ्रीएम कंपनीची व्हीएचबी टेप, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारी खूप मजबूत टेप. ही टेप लावण्याआधीची मेहनत मात्र टाळू नका, बॉडीवर मेण-पॉलिश असेल तर आधी साबणाने धुवायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, बोट लावायचं नाही, आणि हवा फार गार असताना लावायची नाही, १० अंशांच्या खाली तर नाहीच. जोरात दाबायचं. लगेच घट्ट वाटलं तरी पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. आम्ही तीन दिवस गाडी हलवली नाही आणि धुतली पण नाही, नवरा म्हणाला अगं एवढं काय, पण थांबलो ते बरं झालं.

वायरसाठी एक भोक पाडावंच लागलं. ते ऑनिंगच्या खाली आडोशाला पाडलं, वरून केबल एंट्रीची छोटी टोपी सीलंटमध्ये बसवली, आणि वायरला आत शिरायच्या आधी खाली झोळ दिला, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळातून गळून जातं, आत जात नाही.

आता किटमधली कमतरता. वायर! पट्टीबरोबर आलेली वायर अगदी बारीक आहे, मी मोजली नाही पण अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या आसपास असेल. चार मीटर पट्टी ३२ वॅट घेते, म्हणजे २.७ अँपिअर. माझ्या फ्यूज बॉक्सपासून ऑनिंगच्या टोकापर्यंत वायर ८ मीटर, जाऊन-येऊन १६. अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये एवढ्या अंतरात दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतो, म्हणजे पट्टी मंद आणि वायर कोमट. दीड स्क्वेअर एमएमची वायर घातली तर तोच ड्रॉप अर्ध्या व्होल्टवर येतो. कंपनीने ही वायर चांगली दिली असती तर मी काही बोलले नसते. फ्यूजही किटमध्ये नाही, तो मी ५ अँपिअरचा बॅटरीजवळ लावला. बॅटरीजवळच हं, दिव्याजवळ लावून उपयोग नाही, वाटेत कुठे वायर घासून शॉर्ट झाली तर दिव्याजवळचा फ्यूज काहीच वाचवत नाही.

आणि व्होल्टेज. ही पट्टी पण १२ व्होल्टचीच आहे, पहिलीसारखी, गाडीसाठी म्हणून विकतात तरी १४.४ चं काय करायचं याबद्दल कागदावर एक ओळ नाही. मी मध्ये स्टॅबिलायझर टाकला, ९ ते १८ व्होल्ट आत घेणारा आणि बाहेर ठाम १२ देणारा. काडेपेटीपेक्षा जरा मोठा डबा असतो, पट्टीच्या लोडपेक्षा बराच जास्त झेपणारा घ्या, मी ५ अँपिअरचा घेतला. तो लावल्यापासून चार्जिंग चालू असो नसो, उजेड एकसारखा. इतकं सोपं आहे हे, आणि पहिल्या वेळी मला कोणी सांगितलं असतं तर एक पट्टी वाचली असती.

जोड देताना दाबून बसवायच्या त्या प्लॅस्टिकच्या कनेक्टरवर विसंबू नका, घरात चालतात, गाडीच्या हादऱ्यात दोन पत्र्यांमधला स्पर्श सुटतो आणि दिवा लुकलुकतो. सोल्डर करून वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा.

डिमरवर माझा अर्धा राग आहे. चांगलं म्हणजे तो अगदी खालपर्यंत उतरतो, काही डिमर दहा टक्क्यांच्या खाली लुकलुकतात तसं नाही. आम्ही बसायला साधारण तीस टक्क्यांवर ठेवतो, तेव्हा पाऊण-एक अँपिअर जातो, चार तास बसलो तरी बॅटरीतून तीन-चार अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास, बॅटरीतली वीज मोजायचं माप), काहीच नाही. पूर्ण उजेडावर तेच अकराच्या जवळ जाईल. पण डिमर बंद असतानाही १२ मिलिअँपिअर पीत राहतो, रिमोटची वाट बघत. एका दिवसाचं काही नाही, गाडी महिनाभर उभी राहिली की साडेआठ अँपिअर-अवर गेले. म्हणून मी आधी एक साधा स्विच टाकला. आणि मग कळलं की पुरवठा तोडून परत दिला की डिमर आधीचं सेटिंग विसरतो, थेट शंभर टक्क्यांवर उठतो. रात्री अकराला शेजारची सगळी गाडी उजळून निघाली, जाऊन माफी मागून आले. त्याशिवाय मंद उजेडावर एफएम रेडिओत खरखर येते, डिमर सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करूनच उजेड कमी करतो त्याचा हा परिणाम. डिमर रेडिओच्या वायरपासून लांब सरकवल्यावर कमी झाली, गेली नाही.

रंगाचं एकच सांगते, ३००० केल्विन किंवा त्याहून पिवळा घ्या. पांढऱ्या-निळ्या उजेडावर किडे जास्त येतात, या पट्टीवर स्पष्ट कमी आहेत. रंगीबेरंगी आरजीबी मला बाहेर नको वाटली, लोक तिथे अंधार आणि चांदण्या बघायला आलेले असतात.

गाडी चालवताना ही बंदच राहिली पाहिजे, चालत्या गाडीला बाहेरून असा उजेड असला तर मागच्या-पुढच्याला गाडीचा अंदाज चुकतो, आणि आपल्याकडे नियम काय आहे ते पण बघा. मी इंजिन चालू झालं की पुरवठा तोडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) टाकलाय, म्हणजे विसरायचा प्रश्नच नाही.

उरलेला एक मीटर पायरीच्या वर, दाराच्या चौकटीखाली लावला, वेगळ्या स्विचवर, उजेड खाली पडेल असा आडवा करून. डोळ्यात येत नाही, फक्त पायरीची कड दिसते. आई आता एकटी चढते, हात न धरता, आणि रात्री स्वतःच स्विच शोधून लावते.

५ पैकी ४. एक गेला तो वायर आणि डिमरचा मिळून, पट्टी आणि चॅनेलला मी पूर्ण मार्क देते. सेटिंग लक्षात ठेवणारा डिमर शोधतेय, मिळाला की एवढाच बदलणार.